पाखरं मरत नाहीत, हा बग नाही

गेम करायला एक शनिवार-रविवार पुरला. त्यावर लोकांनी जे ऐकवलं, ते ऐकून घ्यायला मात्र वर्ष पुरेना!

असले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आपण आपल्या कामात असतो आणि ते मागं साठत राहतात. मग कधीतरी चहाला चार माणसं जमतात, कुणीतरी विचारतं, "तुमच्या त्या पाखरांच्या गेमचं काय झालं हो?" आणि आमचा अल्ताफ खुर्ची पुढं ओढून म्हणतो, "मॅडम, वो कालवन वाला सुनाओ पहले."

तर आधी आम्ही कोण ते सांगते. मी सोलापुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. व्यंकटेश, म्हणजे व्यंकी, टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाईन काढतो, एकेक चौकोन रंगवत. तो घरी तेलुगू बोलतो, कारखान्यात मराठी, आणि चिडला की पुन्हा तेलुगू. अल्ताफचं आमच्या क्लासच्या खालीच मोबाईल आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. तिघांनाही जुन्या ठोकळेबाज चित्रांच्या गेमचं वेड. त्यामुळे इंटरनेटवर एक गेम जॅम भरतोय असं कळल्यावर आम्ही नाव घातलं. गेम जॅम म्हणजे काय, तर विषय देतात, मुदत देतात आणि तेवढ्यात शून्यापासून गेम करून दाखवायचा. मग जगभरचे लोक तो खेळून खाली मतं लिहितात.

विषय आला, "राखा". बाकीच्यांनी किल्ले राखले, बँका राखल्या, कुणी तर अख्खी पृथ्वी राखली. आम्ही ज्वारी राखली!

मंगळवेढ्याजवळच्या गावात माझी आत्या राहते, तिला सगळे आक्का म्हणतात. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलायची, हे तिनं आयुष्यभर केलंय. आमच्या गेममध्ये तेच आहे. माळ्यावर आक्का. एक बटण दाबलं की गोफण फिरते, दुसरं दाबलं की आक्का ओरडते. आधी चिमण्या येतात, मग राघू, मग साळुंक्या, आणि शेवटी भोरड्यांचा थवा येतो. आला की स्क्रीन काळी! गेमचं नाव "राखण".

ओरडणं खरंच आक्काचं आहे. शनिवारी सकाळीच मी आणि अल्ताफ एसटीनं गावी गेलो. अल्ताफनं माईक धरला तर आक्का म्हणाली, "पाखरं न्हाईत तर वरडू कुनावर?"

मी म्हटलं, "अल्ताफवर ओरड."

"हाऽऽऽ हुर्रर्र!"

अल्ताफ बांधावरून खाली पडला. रेकॉर्डिंग एका झटक्यात झालं.

*

पहिलंच मत आलं ते असं : "शत्रू मरत नाहीत. मी दगड मारतोय, तो लागतोय, आणि पाखरू उडून जातंय. कृपया हा बग दुरुस्त करा."

मी सभ्यपणे उत्तर लिहिलं, की हा बग नाही, पाखरं फक्त उडवायची आहेत.

त्यानं लिहिलं, "मग पॉईंट कशाचे? निदान थोडं रक्त तरी दाखवा."

त्याच्या खाली आणखी काही जण हो ला हो करायला जमले. एकानं बंदूक द्या म्हटलं. व्यंकी जरा डगमगला. म्हणाला, "एखादं मारू या का? लहानसं?"

मी आक्काला फोन लावला. "आक्का, लोक म्हणतायत पाखरं मरू द्या."

"का?"

"गेममध्ये तसं असतं."

आक्का म्हणाली, "मारून काय कालवन करायचं हाय का त्यांना?"

मी त्यावरूनच इंग्रजीत उत्तर केलं आणि गेमखाली टाकलं, "बग नाही. आम्हाला त्यांचं कालवण करायचं नाही."

त्यानंतर बंदूकवाले गप्प झाले. फक्त पहिल्या माणसाचं एक शेवटचं मत आलं, "कालवणाची रेसिपी मिळेल का?"

*

आमच्या क्लासचे मालक जाधव सर. शिस्तीचे. क्लासमध्ये कुणी गेम खेळताना दिसला की कीबोर्ड काढून घेतात. गेमबद्दल कळल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं आता नोकरी जाते.

"दाखवा," म्हणाले.

दाखवला. ते खेळले. गेमच्या शेवटी सुगी झाली की दोन ओळी येतात. एक, घरी आलेली ज्वारी. दुसरी, पाखरांनी खाल्लेली ज्वारी. सरांची थोडी पाखरांनी खाल्ली होती. त्यांनी पुन्हा खेळायला घेतलं. पुन्हा थोडी गेली. बाहेर टायपिंगची बॅच ताटकळत बसली होती, सर आत गोफण फिरवत होते!

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी येऊन बसलेले. त्या दिवशी खरंच कमाल खेळले. एकही पाखरू कणसाला टेकू दिलं नाही. सुगी झाली. स्क्रीनवर आलं, "पाखरांनी खाल्लेली : थोडी."

"एकही बसलं नाही!" सर ओरडले. "मी स्वतः पाहिलंय!"

मी म्हटलं, "सर, थोडी जातेच. आम्ही तसंच ठेवलंय."

"हा अन्याय आहे. माणसानं इतकी मेहनत करायची आणि तरी थोडी जाणार?"

व्यंकी दारात उभा होता. तो म्हणाला, "सर, रिअॅलिटीत तसंच असतंय की."

सरांनी टेबलावर हात आपटला. "मग अपडेट द्या की रिअॅलिटीला!"

आम्ही ना गेम बदलला, ना रिअॅलिटी. सर अजून खेळतात. केबिनचं दार मात्र आता आतून लावून घेतात.

*

व्यंकीनं काढलेली पाखरं म्हणजे मोजके चौकोन. पण साळुंकी साळुंकीसारखी चालते आणि राघू राघूसारखा मान वाकडी करतो. त्यावर एका शहाण्यानं लिहिलं, "चित्रं एकदम भिकार. कलाकारानं आधी चित्रकला शिकावी."

हे वाचून व्यंकीनं तेलुगूत जे म्हटलं त्याचा अर्थ मी विचारला नाही.

दोन-चार दिवस तो आमच्याकडे फिरकलाच नाही. फोन केला की "कामात आहे" म्हणायचा. मला काळजी वाटायला लागली. वडिलांनी मागावर उभं राहून याला शिकवलेलं, आणि हा एकटाच घरात कॉम्प्युटरवर बसणारा. चित्रकलेच्या शाळेत घालायला कुणाला जमलं नव्हतं, ती सल त्याच्या मनात होतीच. अल्ताफ म्हणाला, "दिल पे ले लिया उने."

मग एका सकाळी व्यंकी आला. खांद्यावर नवाकोरा टॉवेल. सॅम्पलचे तुकडे विणताना कारखान्यातल्या मास्तरांची परवानगी घेऊन त्यानं स्वतःचं एक डिझाईन मागावर चढवलं होतं. चारी बाजूंनी त्याच पाखरांची किनार, आणि मधोमध, ठळक विणलेलं, त्या शहाण्याचं अख्खं वाक्य! खाली त्याचं नावसुद्धा.

मी म्हटलं, "अरे, हे काय?"

व्यंकी टॉवेल झटकून म्हणाला, "काही नाही. रोज सकाळी तोंड पुसायला."

पुढं कारखान्याच्या मालकांना ती किनार आवडली आणि एका व्यापाऱ्यानं तसे टॉवेल मागवले. त्याची एकच अट होती, मधलं वाक्य काढा. व्यंकी म्हणाला, "काढतो. पण माझ्या टॉवेलावरचं नाही."

*

सगळ्यात जास्त तक्रारी आल्या त्या आक्काच्या आवाजाच्या. "ती बाई फार ओरडते." "कानाला त्रास होतो." "बाईला गप्प करायचं बटण द्या." एकानं तर लिहिलं, "ऑफिसच्या मीटिंगमध्ये चुकून उघडला, नोकरी जाता जाता वाचली."

अल्ताफ या विषयावर ऐकूनच घेत नव्हता. "आवाज बंद करने का बटन? नक्को. मैं बांध पर से गिरा हूँ उस आवाज के वास्ते."

पण तक्रारी थांबेनात. शेवटी एक दिवस तोच म्हणाला, "ठीक है. म्यूट देते हैं."

मी आणि व्यंकी एकमेकांकडे बघायला लागलो. हा इतक्या सहज कसा तयार झाला?

अल्ताफनं आम्हाला जवळ बोलावून कल्पना सांगितली. व्यंकीनं तासाभरात चित्र काढून दिलं आणि मी ते गेममध्ये बसवलं. कोपऱ्यात एक छान, मोठं, सगळ्यांना दिसेल असं म्यूटचं बटण आलं. ते दाबलं की आवाज बंद. एकदम शांत. आणि माळ्यावरची आक्का पदर तोंडाला लावून खाली बसते. मग चिमण्या येतात. राघू येतात. साळुंक्या येतात. कुणी उठवायला नाही म्हटल्यावर भोरड्या सावकाश, पंगतीला बसल्यासारख्या बसतात. थोड्या वेळात शेताचा नुसता कडबा उरतो आणि खाली अक्षरं येतात, "आक्का गप्प बसली."

लोक भडकले! "ही फसवणूक आहे!" "आम्ही म्यूट मागितलं होतं, शिक्षा नव्हे!"

आम्ही एकालाही उत्तर दिलं नाही. मग चार दिवसांनी, सगळ्यात आधी बाईला गप्प करा म्हणणारा जो होता, त्याचं मत आलं. छोटंसं होतं. "मी बटण दाबलं. सगळं शेत गेलं. सॉरी, बाई."

हे मी आक्काला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कुटलं गं पोरगं?"

"कुठलंतरी लांबचं. परदेशातलं."

"माफी मागतंय म्हंजी आईनं नीट वाढीवलंय. त्याला म्हनावं, बटनाला हात लावू नगं आता."

*

आक्काचा मुलगा दत्ता, माझा आतेभाऊ. आक्काचे गुडघे दुखायला लागल्यापासून माळ्यावर तोच बसतो. मी त्याच्या फोनवर गेम उघडून दिला होता. चूक माझीच नाही का? पण मला काय माहीत!

सुगीच्या तोंडाला एका दुपारी आक्काचा फोन आला. आवाज असा, की मी क्लास सोडून जिन्यात गेले.

"तुजा त्यो गेम कुनी करायला सांगितला व्हता गं?"

"का? काय झालं?"

झालं असं होतं. आक्का शेताला लागूनच असलेल्या घरात भाकरी बांधत होती. शेतातून ओरडणं ऐकू येत होतं, म्हणजे दत्ता राखण करतोय. पण तिला वाटलं, हा आज आपल्यासारखा कसा ओरडतोय? अगदी आपल्यासारखा! बाहेर येऊन बघते तर बांधाकडच्या पट्टीवर भोरड्याच भोरड्या. पीक दिसेना. आणि माळ्यावर दत्ता मान खाली घालून फोनमध्ये! फोनमधून आक्का ओरडतेय, "हाऽऽऽ हुर्रर्र!" आणि त्या ओरडण्यावर खऱ्या पाखरांपैकी एकही उठत नाही.

दत्तानं आईला बघितलं आणि आनंदानं फोन दाखवला. "आई, बग की! एक कनीस जाऊ दिलं न्हाई!"

मी जिन्यात उभी राहून विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? म्हनलं, लई ग्वाड काम केलंस. आता तुजी भाकरी बी फोनातच थाप."

मला वाईट वाटलं. ती पट्टी त्यांच्या वर्षाच्या खाण्यातली होती. मी म्हटलं, "आक्का, मी गेम काढून टाकते."

"काडतीस कशाला? गेमचा काय गुना? ह्या घोड्याला कळाय नगं?"

रात्री जेवताना फोन बघितला तर गेमखाली मराठीत एक नवीन मत होतं. "लई भारी गेम. पाच स्टार. आईनं फोन काडून घेतलाय म्हनून हे शेजारच्याच्या फोनवरनं लिवतोय."

*

एक दिवस पुण्याच्या एका कंपनीतून मेल आली. त्यांना "राखण" मोठा करून बाजारात आणायचा होता आणि आम्हाला तिघांना कामावर घ्यायचं होतं. आम्ही हवेत! व्यंकीला तर याची फारच गरज होती, कारण कारखान्यात काम कमी झालं होतं आणि घरी त्याच्या लग्नाची बोलणी अडली होती.

व्हिडिओ कॉल ठरला. योगायोगानं त्याच दिवशी आक्का डोळे दाखवायला सोलापूरला आली होती. ती आमच्या मागं खुर्चीत चहा घेत बसली.

कंपनीचे साहेब बोलायला फार गोड. "कन्सेप्ट फँटॅस्टिक आहे. फक्त थोडे बदल. पाखराला दगड लागला की त्यातून नाणी पडतील. इंग्रजी नाव देऊ. आणि त्या म्हाताऱ्या बाईंच्या जागी एखादी यंग मुलगी घेऊ. आवाजही प्रोफेशनल करू."

नाही म्हणावं तर व्यंकीची गरज, हो म्हणावं तर आक्का जाते.

मागून आक्का म्हणाली, "काय म्हनतोय गं त्यो?"

मी मान न वळवता सांगितलं, "तुला काढून दुसरी बसवायची म्हणतोय."

आक्कानं कप खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठली. आमच्या तिघांच्या मधून वाकून कॅमेऱ्याजवळ आली, साहेबांकडं नीट बघितलं आणि छाती भरून ओरडली.

"हाऽऽऽ हुर्रर्र!"

साहेबांची चौकट स्क्रीनवरून नाहीशी झाली!

अल्ताफ हळूच म्हणाला, "नेट गया होएंगा."

"गेला न्हवं?" आक्का म्हणाली आणि परत चहाकडं वळली.

संध्याकाळी साहेबांची मेल आली. त्यांना राग आला नव्हता. ऑफर कायम होती, बदलही कायम होते. मी लॅपटॉप व्यंकीसमोर सरकवला. ज्याला गरज जास्त, त्यानं ठरवावं. आम्ही त्याला घाई केली नाही. मग त्यानं एकच ओळ लिहिली आणि पाठवून दिली.

"साहेब, यंग मुलीला पाखरं भीत नाहीत."

घरी त्यानं बोलणी खाल्ली. लग्न मात्र ठरलं. मुलगी म्हणाली म्हणे, मला तो टॉवेल बघायचाय.

*

आणि हा शेवटचा. एका कॉलेजच्या मैदानात विज्ञान प्रदर्शन होतं. आम्हालाही कोपऱ्यात एक टेबल मिळालं. एका बाजूला बोलणारा रोबोट, दुसऱ्या बाजूला ड्रोनवाले. अल्ताफनं दुकानातला मोठा लाकडी स्पीकर आणून टेबलावर ठेवला होता. साहजिकच आक्काच्या ओरडण्यात रोबोटचं काही ऐकू येईना. रोबोटवाल्यांनी तक्रार केली. संयोजक येऊन आवाज कमी करायला सांगून गेले. अल्ताफनं कमी केला. ते वळले की वाढवला. ते पुन्हा आले. त्यानं पुन्हा कमी केला. ते पुन्हा वळले.

दुपारी कर्णबधिर मुलांच्या शाळेची सहल आली. मुलं ओळीनं टेबलं बघत होती. त्यातली दोन वेण्यांची एक मुलगी आमच्यापाशी थांबली आणि सरळ खुर्चीत बसली. मी बटणं दाखवली. पहिल्या खेपेला भोरड्यांनी तिचं सगळं खाल्लं. तिनं खुर्ची पुढं ओढली. डावा हात उचलून थरथरणाऱ्या स्पीकरवर पालथा ठेवला आणि उजव्या हातानं खेळायला लागली. चिमण्या गेल्या. राघू गेले. ती ओठ घट्ट मिटून खेळत होती. मागं मुलांची गर्दी झाली, रोबोटसमोर कुणी उरलं नाही.

तेवढ्यात संयोजक तणतणत आले. "मॅडम, आता शेवटचं सांगतोय. आवाज बंद करा, नाहीतर टेबल उचला!"

मुलीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. खेळता खेळता तिनं मान वळवली, उजवा हात क्षणभर मोकळा केला आणि आपल्या बाईंना भरभर काहीतरी खुणा केल्या. बाईंनी संयोजकांकडं पाहिलं. जरा संकोचल्या. मग अल्ताफला म्हणाल्या, "ती विचारतेय, आवाज आणखी मोठा होतो का?"

अल्ताफनं संयोजकांकडं बघत बघत नॉब शेवटपर्यंत फिरवला.